वाटाड्याचा वाटा

मेणचाचा लिफ्टमध्ये शिरले, की आधी 'ब्रर्रर्र-हम्म' असा आवाज काढायचे आणि मग बटण दाबायचे. शारजातल्या आमच्या इमारतीत ते सहाव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मूळचे दापोलीकडचे, तरुणपणी मोझांबिकमध्ये लाकडाच्या वखारीत होते, नंतर इथे येऊन मधाचं दुकान काढलं. तिकडच्या रानात म्हणे या हाकेला एक पाखरू येतं आणि माणसाला झाडाझाडांतून पोळ्यापर्यंत नेतं. मध माणसाला, मेण पाखराला.

'अन् बाय, मेण ठेवायचा इसरलात, तर फुडल्या टायमाला ता पाखरू थेट सिंहाच्या दारात नेता,' असं ते गंभीरपणे सांगत. वाटाड्याचा वाटा ठेवायचाच, हा त्यांचा नेम. कुणी दुकानाचा पत्ता सांगून गिऱ्हाईक पाठवलं, की त्याच्या घरी पोळ्याचा तुकडा पोचलाच.

मी तेव्हा तिशीची, शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. एम.एस्सी.चं सर्टिफिकेट हॉलमध्ये गणपतीच्याही वर टांगलं होतं, यावरून काय ते समजा. एका शुक्रवारी सगळे शेजारी चहाला जमलेले असताना मी जाहीर केलं, 'मेण कुठल्याच पक्ष्याला पचत नाही. थापा पुरे, हबीबी!' साठीच्या माणसाला हबीबी, म्हणजे 'लाडक्या'!

सगळे हसले. चाचा नाही हसले. 'तुमी शिकलेल्या, बाय,' एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट गप्प झाली.

पुढे शाळेच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकात तेच पाखरू मला भेटलं, 'हनीगाइड' या नावाने. मेण खातं, पचवतंसुद्धा! शेजारी नकाशा : सहाराच्या खाली बरीचशी आफ्रिका रंगवलेली, एक भाऊबंद पार हिमालयात, मधलं अरबस्तान कोरं. मी काय केलं? पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि आठ दिवस जिन्याने ये-जा केली.

मग एकदा आमचे हे म्हणाले, 'चाचांचं इथलं काम खलास, दुकान बंद. परवा कायमचे गावी चाललेत.'

हा माणूस माझ्यामुळे खोटारडा ठरून गावी जाणार! पण 'माफ करा' म्हणायला जीभ वळेना. शेवटी चाचांच्याच दुकानातून आणलेल्या पोळ्याच्या तुकड्यातला मध पिळून उरलेलं मेण वाटीत घेतलं, सहावा मजला गाठला आणि त्यांच्या बंद दाराशी 'ब्रर्रर्र-हम्म' केलं. आवाज निघाला तो बिघडलेल्या मिक्सरचा.

दार उघडलं. चाचांनी वाटी पाहिली, मग मला.

'पुस्तकात गावला?'

'गावलं.'

'मेण खाता?'

'खातं, चाचा.'

ते असे हसले, की शेजारचं दार उघडलं. 'मंग आत या. सिंहाच्या दारात कित्याक उभ्या?'

निघाले त्या दिवशी लिफ्ट सहाव्यापासून तळापर्यंत 'ब्रर्रर्र-हम्म' करत उतरली.

आता लिफ्टमध्ये तो आवाज मी काढते. नात ओशाळते. परवा तिने मोबाइलवर तोच नकाशा माझ्या नाकासमोर धरला. 'आजी, देअर आर नो हनीगाइड्स इन शारजा!'

'होता गं एक,' मी म्हटलं, 'सहाव्या मजल्यावर.'