सर हलले नाहीत
दवण्याचा धूर आला की सरांची साताऱ्यातली खोली आठवते. फौजेतून निवृत्त झालेले सर तिथे ताओ ही चिनी शिकवण आणि तिच्यातले लढण्याचे डाव शिकवायचे, चिनी पद्धतीने सुया टोचून, दवणा जाळून शेक देत दुखण्यांवर उपचार करायचे. वार आला की पाण्यासारखं वळा, असं आम्हाला सांगायचे. त्या सकाळी म्हसवडची एक बाई पाठीत सुया घेऊन पालथी पडली होती. तिला बडवणारा नवरा काठी घेऊन आत घुसला. सर मध्ये उभे राहिले. दुसऱ्या फटक्याला त्यांच्या उजव्या हाताचं हाड मोडलेलं ऐकू आलं. आम्ही त्याला लोळवलं. “आवं सर, बाजूला का झाला न्हाई?” मी ओरडले. “मागं ती हाय न्हवं,” म्हणत त्यांनी डाव्या हाताने एकेक सुई हळूच काढली. ती बाई आता वर्गात माझ्या शेजारी उभी असते.