रस्त्यापलीकडचा गॅस

आमच्या गावचा गॅस कुणीतरी अडवून धरला होता. नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल!

गोबरगॅसची सहकारी संस्था काढली की गॅसच्या आधी किस्सेच तयार होतात. आमच्याकडं तर दुष्काळातही त्यांची टंचाई पडली नाही. बेत साधा होता: साऱ्या गावाचं शेण एका टाकीत आणि टाकीतून पाइपानं घरोघर गॅस. चेअरमन गुंडप्पाअण्णा, पेठेतले किराणा व्यापारी. सेक्रेटरी मी, रस्त्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला ताजा बी.ए. टाकी मात्र रस्त्याअलीकडं. तीन खात्यांची पाहणी हवी होती, आणि प्रत्येक खातं म्हणे, "आधी त्यांचं होऊ द्या!"

*

आरोग्य खात्याचे साहेब आले. उकिरड्यापाशी उभे राहून, नाकाला रुमाल लावून त्यांनी विचारलं, "टाकीमुळं वास सुटणार नाही ना?"

अण्णा म्हणाले, "साहेब, टाकी झाली की तुमचा रुमाल खिशात जाईल!"

साहेब हसले, पण टाकी विहिरीपासून लांब सरकवायला लावली. मी चिडलो. आज त्या विहिरीचं पाणी पिताना मनातल्या मनात त्यांचे आभार मानतो.

*

वनखात्याचे साहेब म्हणाले, "पाइपाच्या वाटेतली झाडं दाखवा."

सगळ्या वाटेत एक लिंब होता. तेवढीच सावली, म्हणून साहेब त्याच्याचखाली बसून लिहू लागले. मी म्हणालो, "एका झाडासाठी एवढं काय?"

"मग उन्हात या," साहेब म्हणाले, "तिथं बोलू!"

पाइप वळवला.

*

रस्त्याच्या खात्याचे साहेब अडून बसले. "रस्ता खोदल्यावर बस कुठून जाणार?"

अण्णा म्हणाले, "बस येईल त्या दिवशी खड्डा बुजवू!"

साहेब काही हसले नाहीत.

*

मग कमिटीत सूर निघाला, "रस्ता ओलांडायचं सोडा. अलीकडं सुरू करू, पलीकडचं पुढं बघू."

'पुढं बघू' म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत शाळा न शिकलेल्यांनाही कळत होतं. घरी आई रोज धुरानं लाल झालेले डोळे पुसत होती. आमची चूल तशीच राहणार, एवढाच त्याचा अर्थ. मी भाषणाला उभा राहिलो. अण्णांनी मला हातानं खाली बसवलं.

"पलीकडचं शेण चालतं," ते कमिटीला म्हणाले, "आन् पलीकडची चूल चालत न्हाय व्हय?"

माझं भाषण वाया गेलं. बरंच झालं!

*

तालुक्याला नवे बीडीओ आले होते. मी तावातावानं सगळं सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं आणि ड्रायव्हरला हाक मारली, "जीप काढ!"

तिन्ही साहेबांना एकाच जीपमधून आणून त्यांनी रस्त्यावर उभं केलं. "कागद फार फिरले. आता ज्याला जे अडतंय ते इथंच बोला, इथंच मिटवा."

रस्त्याचे साहेब म्हणाले, "पाइप खोल घाला. आधी अर्धा रस्ता खोदा, तो बुजवा, मग उरलेला." झालं! बसही अडत नव्हती. एवढंच आधी कुणी एकमेकांसमोर बोललं नव्हतं.

चहा आमच्याच घरी. आईनं चूल पेटवली आणि तिन्ही साहेबांनी धुरात बसून सह्या केल्या. तिघांचे डोळे भरून आले. दारातले लोक म्हणाले, "साहेब लई हळवे हायती!"

*

गॅस पहिल्यांदा पेटवायचा तो पाइपाच्या शेवटच्या घरात, असं अण्णांनी ठरवलं. शेवटचं घर आमचं. बीडीओंनी काडी अण्णांच्या हातात दिली, अण्णांनी आईच्या. निळी ज्योत उठली. धूर नाही, आवाज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या सोनाआजी उंबऱ्यावर बसल्या होत्या. ज्योतीकडं बघून त्या म्हणाल्या, "अण्णा, चूल इझली तर इस्तव मागायला त्या अंगाला आमी कधी गेलो न्हाय, कुणी दिलाबी नसता. आज बघा, मातीखालनं आपल्या पायानं आला!"