मामंजींच्या बेडक्याचा निकाल

माझ्या सासऱ्यांची बिडी सुटली, त्यात माझ्या शिक्षणाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

नव्वदच्या दशकात मी पारनेरच्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचं काम करायचे. तेव्हा मामंजींना खोकला लागला. असा, की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली! डॉक्टरांना टीबीची शंका. त्यांनी बेडका तपासायला सांगितला आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. काचपट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा बघितली.

जंतू नव्हते! मी धावतच बाहेर आले. "मामंजी, निगेटिव्ह आलं!"

ते मटकन खाली बसले. "म्हंजी गेलोच का मी?"

"अहो नाही! चांगलं आहे. टीबी नाही तुम्हाला."

"मंग तसं मराठीत सांग की!"

('आता तरी बिडी सोडा' हे तेव्हाच म्हणायचं होतं. आनंदात नेमकं तेच राहिलं.)

मामंजींनी खिशातून बंडल काढलं आणि बाकावरच्या पेशंटांना पेढ्यांसारख्या बिड्या वाटल्या! "घ्या, घ्या! बिडी मशिनीत पास झालीय. आमच्या सूनबाईनं सोता बघितलंय!"

दुसऱ्या दिवशी दारात त्यांचे दोस्त हजर. सगळे खोकत.

"सूनबाई, आमचा बी बेडका बघ. बायका लई कटकट करत्यात. पास केलं की मिटलं."

"अहो, हा काय बिडीचा परवाना आहे?"

"मंग त्याला कसा दिला? घरचा म्हून?"

झालं! त्या दिवसापासून मी घरात बिडीवर तोंड सोडलं. चहा देताना फुप्फुसं, भाकरी वाढताना रक्तवाहिन्या, काडी ओढली की थेट हृदय! सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मामंजी गोठ्यात जाऊन बसले, तर मी गोठ्यात गेले. म्हशीनंसुद्धा सगळं ऐकून घेतलं.

महिन्याभरात बंडल नाहीसं झालं, खोकलाही उतरला. डॉक्टरांनी भर दवाखान्यात विचारलं, "आजोबा, कशी सुटली हो? टीबीची भीती बसली ना?"

"छ्या! बिडी पेटवली की ही सूनबाई बोलाया लागती. इझवली की गप ऱ्हाती. मंग म्या इझवलीच!"

डॉक्टरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. नवीन औषध सापडल्यासारखं. पुढं कुणी हट्टी बिडीवाला आला की ते माझ्या खोलीकडे बोट दाखवायचे.

"तिकडं जाऊन बसा. रक्त द्यायचं नाही. नुसतं ऐकायचं."