अटीवरचं बाळंतपण

माझ्या सासूबाईंनी लग्नात एकही अट घातली नाही. मानपान नको, देणंघेणं नको, विहारात साधं लग्न. अट घातली ती कॅनडाच्या सरकारने. नवऱ्याने मला स्पॉन्सर केलं होतं, आणि त्या काळात नियम असा होता की अशा रीतीने आलेल्या बायकोने इथे उतरल्यापासून दोन वर्षं नवऱ्याबरोबर संसार करून दाखवायचा. मधेच वेगळं राहिल्याचं दिसलं तर पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, काढून घेऊ शकत होते. खोटी लग्नं लावून येणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे होतं म्हणे. लबाडी करणारे करून गेले आणि परीक्षा आमच्या वाट्याला आली. याचा मला भयंकर राग यायचा आणि तो मी नवऱ्यावर काढायचे, कारण सरकार हाताशी नव्हतं.

ओटावाच्या कनाटा उपनगरात, त्याच्या ऑफिसपासून जवळ आमचं छोटं अपार्टमेंट होतं. पहिल्याच हिवाळ्यात मला दिवस गेले. आईला नागपूरला फोन केला तर ती रडली आणि त्याच दमात म्हणाली, "सातव्यात ये. पहिलं बाळंतपण माहेरीच होते आपल्यात. तिकडं कोण हाय तुले शेकाले?"

मलाही तेच हवं होतं. सातव्यात जायचं, बाळाने जरा बाळसं धरलं की परत यायचं, म्हणजे निदान सहा महिने. नवरा इथे नोकरीवर, मी तिथे. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या सगळ्या मावश्या, काकू, चुलतबहिणी अशाच गेल्या. नवऱ्याने बारशाला यायचं, पेढे वाटायचे आणि रजा संपली की निघायचं.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे कम्युनिटी हॉलमध्ये जमलो होतो. तिथे आमच्यातल्या एका ताईंनी मला बाजूला घेतलं. त्या सरकारी नोकरीत, त्यामुळे त्यांचा शब्द सगळ्यांना शेवटचा वाटायचा.

"अगं, तू अजून कंडिशनल आहेस ना? मग एवढं लाँग ट्रॅव्हल एकटीने करू नकोस. उद्या कोणी कम्प्लेंट केली, फाइल ओपन झाली, तर कसं प्रूव्ह करणार की तुम्ही टुगेदर आहात?"

"कोण कम्प्लेंट करेल आमची?"

"लोक करतात गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक जिलबी वाढली.

दुसऱ्या दिवशी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एका सभ्य आवाजाने सांगितलं की प्रवासाला बंदी नाही, पण नातं चालू असायला हवं. सहा महिने वेगळं राहिलं तर चालेल का? इट डिपेंड्स. त्या दोन शब्दांवरून आम्ही नवराबायको आठवडाभर भांडलो. मी म्हणत होते, आईशिवाय मी बाळंत होणार नाही. तो म्हणत होता, तुझं पीआर कार्ड गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा तर बाळही असेल. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना.

शेवटी एका रविवारी ग्रोसरीच्या पिशव्या गाडीत ठेवता ठेवता तो म्हणाला, "मग मी पण येतो."

"कुठे?"

"तुझ्या माहेरी. एकत्र राहायचंय ना? तिथे राहू एकत्र."

मला हसूच आवरेना. पण हा माणूस मिक्सर आणला तरी आधी माहितीपत्रक वाचतो. त्याने मॅनेजरशी बोलून काही महिने तिथून काम करायची परवानगी मिळवली, पुढे पेरेंटल लीव्ह लावली. ती इथे बापालाही मिळते. तो कॅनडाचा नागरिक होता, त्यामुळे बाळाच्या कागदांचा घोर नव्हता. घोर लागला तो माझ्या सासूबाईंना. अमरावतीहून त्यांचा फोन आला, "बाळंतपणाले बायको जाते रे, नवरा नाही जात. घरजावई झाला का तू?"

नागपूरला पोचलो तर आईने जावयाची सोय दोन गल्ल्या पलीकडे मामाकडे केलेली. बाळंतिणीच्या घरात पुरुषाचं काय काम? आम्ही तिला नियम समजावला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "कोण कुठं झोपते, याच्याशी तुमच्या सरकारले काय करायचं हाय बाप्पा?" मग नाइलाजाने तिने त्याला पुढच्या खोलीत दिवाण दिला. माझी खोली आतली. मधे एक जाड पडदा टांगला.

शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, "जावई अजून हायेतच का?" तो मान खाली घालून हो म्हणायचा. दर आठवड्याला त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून आम्ही दोघं फोटो काढायचो, पुरावा म्हणून. पळवून नेलेल्या माणसांचे असतात तसे ते फोटो आहेत. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू निम्मे त्यानेच खाल्ले.

ते फोटो कुणी मागितले नाहीत. परत येताना विमानतळावर अधिकाऱ्याने बाळाकडे बघून अभिनंदन केलं आणि पुढे सोडलं. दोन वर्षं सरली, आणि नंतर तो नियमच रद्द झाला. ताईंनी मला आवर्जून फोन करून सांगितलं, "बघ, उगाच टेन्शन घेतलंस." पण त्या अटीला मी आता शिव्या देत नाही, आणि त्याचं कारण नागपूरची एक दुपार आहे.

मुलगी होऊन थोडेच दिवस झाले होते. सव्वा महिना बापाने खोलीत यायचं नाही, हे आईने पक्कं केलेलं. बाळ बाहेर नेऊन दाखवायची तेवढंच. त्या दुपारी बाळ खूप रडलं आणि एकदम गप्प झालं. मी पदराआड घेऊन पाजत होते. पडद्यापलीकडून आईचा आवाज आला.

"जावईबापू, इथं खाली काऊन बसले? फोटो काढायचा हाय का?"

"नाही आई," तो म्हणाला. "ती रडायची एकदम थांबली. मला भीती वाटली."

मग आई खाली बसल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. ती त्याच्याशी बोलू लागली, माझ्याशी नाही. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. तोही माहेरीच, भंडाऱ्याकडे. आठवडाभर होता. असाच रडता रडता गप्प झाला. बाबा तेव्हा चंद्रपूरकडे शाळेवर, निरोप वाटेतच राहिला. ते बारशाला म्हणून झबलं घेऊन आले, आणि दारात कुणी त्यांच्याकडे बघेना.

मला भाऊ होता हे मला त्या दिवशी कळलं. मी पाजता पाजता रडत होते, आवाज न करता, बाळ दचकू नये म्हणून. आईने पडदा बाजूला केला आणि नवऱ्याला म्हणाली, "जा आत."

तो आत आला आणि माझ्या पायाशी बसला. इतक्यात बाहेरच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले बाबा उठले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घरातली इतकी बाळंतपणं झाली, पण ते कधी त्या दाराजवळही आले नव्हते. ते उंबऱ्याशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, "मी येऊ का?"

आई म्हणाली, "या."

ते पलंगाच्या कडेला टेकले. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी तळहात तिच्या डोक्यावर ठेवला, ते पूर्ण झाकून तो उरला. मग वर न बघता त्यांनी आईला विचारलं, "एवढाच होता का गं तो?"

"हो," आई म्हणाली. "एवढाच होता."