डाव्या हाताचं लग्न

"कोण कुणाचं, ते आधी सांगा. खुर्च्या नंतर." लग्नघरची माणसं हॉल बघायला आली की अंकल दोन्ही हात पाठीमागे बांधून पहिलं हेच विचारत.

दुबईत हॉटेलातल्या लग्नाला गेला असाल, तर असा बँक्वेट सुपरवायझर तुम्हीही पाहिला असेल. काळा कोट, चकचकीत बूट, चेहऱ्यावर जन्माचं गांभीर्य. आमचे अंकल मूळचे वसईचे. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या आमच्या हॉटेलात मी बुकिंग घ्यायचे आणि ते पाहुण्यांना बसवायचे. कुठल्या आत्याचं कुठल्या काकाशी वाकडं आहे, हे ते चहा संपायच्या आत काढून घेत.

त्यांना वेड जर्मन राजघराण्यांचं. तरुणपणी एका जर्मन शेफच्या हाताखाली काम करताना ते लागलेलं. तिथली कोबर्गसारखी काही संस्थानं तळहाताएवढी, पण त्यांच्या मुली युरोपभरच्या राजवाड्यांत सुना म्हणून गेल्या. कुठल्या राजाची सासू कुठल्या राणीची मावशी, हे अंकल शेजारच्या बिऱ्हाडाविषयी बोलावं तसं सांगत. एका सिंधी शेटजींच्या सगळ्या मुली बड्या घरांत पडल्या होत्या. अंकल माझ्या कानाशी आले. "बाय, हे आपले कोबर्ग. स्टेजजवळ सीटिंग दे." मी हसू दाबत टेबल बदललं.

मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं लग्न ठरवलं. ती दुबईतच वाढलेली, मुलगा तिच्या ऑफिसातला, फिलिपिनो. अंकलसारखाच कॅथलिक होता, पण त्यांच्या मते आपल्यातला नव्हता. लग्न जवळच्याच चर्चमध्ये लागलं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात माणसं बसवणारा हा बाप त्या वेळी आमच्या रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या सरळ करत होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

"जर्मनीत याला डाव्या हाताचं लग्न म्हणायचे," ते म्हणाले. "जोडी बरोबरीची नसली की नवरा उजवा नाही, डावा हात द्यायचा. बायको-पोरांना घराण्याचं नाव नाही. खलास."

"आणि बरोबरीचंच स्थळ शोधत बसले, त्यांचं काय झालं?"

त्यांनी आणखी एक खुर्ची सरळ केली. "काही घराणी बुडाली."

तरी लेकीचे फोन त्यांनी उचलले नाहीत.

आता हॉलमध्ये कोण कुणाचं, हे मीच विचारते. अंकल गेले. झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी इस्पितळात भेटायला गेले ती शेवटची भेट. मुलगी उशाशी होती. जावई दारातच घुटमळत होता, तिनं त्याला आत बोलावलं.

अंकलचा उजवा हात चादरीवर निपचित पडला होता. ते बघून जावयानं हळूच त्यांचा डावा हात हातात घेतला. अंकलनी तो झटकन काढून घेतला. मुलीचा चेहरा पडला. "डॅडा, प्लीज. नॉट नाऊ," ती म्हणाली. जावई मागे सरला. मलाही वाटलं, हा माणूस मरतानासुद्धा सुधारायचा नाही.

तेवढ्यात अंकलनी त्या डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि तो मेलेला हात चादरीवरून जावयाकडे ओढायला लागले. कपाळावर घाम आला. हात पुरेना.

मुलगी बघत राहिली. लहानपणापासून ती जर्मन राजघराण्यांच्या याच गोष्टी ऐकत वाढली होती. मग तिनं वडिलांचा उजवा हात उचलला आणि नवऱ्याच्या उजव्या हातात दिला.