बीपीचा माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मांजरसुंब्याच्या फाट्यावर माझं किराणा दुकान आहे. आजूबाजूला धाबे, दिवसभर चहा उकळत असतो. समोरचा टपरीवाला दुकानात बसलेल्या सगळ्यांना कप देतो, मला वगळतो. कुणी नवखा असला तर तोच सांगतो — "शिवाअप्पाला न्हाई द्यायचा. बीपी हाय त्यांना."

मला बीपी नाही. कधीच नव्हतं.

कुठून सुरू करू? अक्कापासूनच करावं लागेल. अक्का माझी थोरली बहीण, तेलगावला दिलेली. लहानपणी मला विंचू चावला तेव्हा तिनं मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत नेलं होतं — ती स्वतः बारा वर्षांची, पायात चप्पल नाही. अशी अक्का. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा बीडला डायलिसिस सुरू झालं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर बघा. दाजींना शुगर. आई-वडील गेलेले. लेक रेखा तयार होती, पण तिचं लग्न व्हायचं होतं, अक्का तिला जवळ येऊ देईना. रक्तगट जुळला तो माझाच.

कुणी विचारायच्या आधीच मी म्हणालो, मी देतो. दाजींना रडू कोसळलं. आणि मला — खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं. चार दिवस फाट्यावर माझंच नाव चाललं होतं. भाऊ असावा तर असा.

पाचव्या दिवशी आंघोळ करताना कुशीवरून हात फिरवला आणि तिथंच थांबलो. इथं कापणार. त्या दिवसापासून आंघोळीत हात कुशीकडं न्यायचंच सोडलं. पण भीती कुणाला वाटत नाही? भीती वाटली हा माझा गुन्हा नाही. गुन्हा पुढं आहे.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, मनात नसेल तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना तब्येतीचं कारण देऊ, कुणाला कळणार नाही. म्हणजे सुटायची वाट उघडीच होती. नुसती मान हलवायची होती. मी काय केलं? छाती पुढं काढून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, माज्या खुशीनं देतो." त्या अनोळखी माणसासमोरही मला लहान व्हायचं नव्हतं.

बाहेर नर्सनं तपासणीचे नियम सांगितले. बीपी मोजायच्या आधी चहा-कॉफी घेऊ नका, तंबाखू खाऊ नका — आकडा वाढलेला दिसतो. आणि ज्याचं बीपी वाढलेलं, त्याची किडनी घेत नाहीत. उरलेल्या एकीवर ताण येतो. बिचारी माझ्या भल्यासाठी सांगत होती. मी ते नीट ऐकून घेतलं. फार नीट.

दुकानात कॉफीच्या छोट्या पुड्यांची माळ टांगलेली असते. आमच्याकडं कॉफी पितं कोण? मीही कधी प्यालो नव्हतो. तपासणीच्या दिवशी त्यातल्या दहा पुड्या खिशात घातल्या, दवाखान्याच्या संडासात बाटलीभर पाण्यात कालवल्या आणि नाक दाबून प्यालो. कडूजहर. थोड्या वेळानं हात थरथरायला लागले, छाती अशी धडधडली की इथंच पडतो की काय असं वाटलं. कपाळावर घाम. नर्सनं पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला. "काका, घाबरलात का?" मी म्हणालो, न्हाई तर.

पुढच्या खेपेलाही तेच केलं. मग त्यांनी दिवसभर दंडावर राहणारं यंत्र लावून दिलं. ते घालून मी दुकानात बसलो आणि दर दोन तासांनी एक-एक पुडी — हो, दिवसभर. चक्कर यायची, रात्री डोळा लागला नाही, तरी थांबलो नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, तुमचं बीपी बरंच वाढलेलं आहे, तुमचीच किडनी सांभाळा. मी डोळ्यांत पाणी आणलं. तेही आणता आलं.

अक्का काय म्हणाली माहितीये? "माज्यापायी तुजा आजार तरी कळला, शिवा. बरं झालं." मग तिनं मला आजारी माणूस करूनच टाकलं. तिचं मीठ बंद, मग माझंही बंद. तेलगावला गेलो की बिनमिठाच्या भाजीची दोन ताटं निघायची, तिचं आणि माझं. मी कुणाच्या कपाला हात लावला की ओरडायची — "तुला बीपी हाय ना? मंग कावून पितो?" तिला दिवसाचं पाणीसुद्धा मोजून. त्यातला अर्धा कप चहा ती घ्यायची, तो माझ्यासमोर प्यायला तिला अवघड वाटायचं. मी शेजारी बसून ती बेचव भाजी चावायचो. मी काही बोललो का? पाच वर्षं होती हातात. त्यातल्या कुठल्याही दिवशी डॉक्टरकडं जाता आलं असतं.

किडनी दिली असती तरी ती जगलीच असती असं नाही — हे मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलं. तुम्हाला सांगणार नाही.

अक्का मागच्या उन्हाळ्यात गेली. तिला माती दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी घरात पाहुणे बसले होते. रेखा चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. माझ्यापाशी आली आणि तशीच मागं फिरली. मला वाटलं, हिला कळलं. ती आतून आली ती हातात दुधाचा पेला घेऊन.

"मामा, तुमी चहा घेऊ नगा. दवाखान्यात जाताना आई सांगून गेली — मामाला दूधच देत जा."

सगळे बघत होते. मी पेला घेतला आणि पूर्ण प्यालो.