अरुणाताईंचं मार्टिनिक

अरुणा कर्णिक कॅनडात मॉंट्रियलजवळच्या ब्रॉसार्डला आल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. नवरा शैलेंद्र इंजिनिअर. त्यांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्यामुळे फ्रेंचवाचून त्यांचं कधी अडलं नाही. अरुणाताईंना मात्र पाळणाघराच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली आणि तिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. त्यांनी संध्याकाळचे क्लास केले, भाजी परतता परतता क्रियापदं घोकली, परीक्षाही पास झाल्या. उच्चार तेवढे ठाण्याचेच राहिले. बेकरीत त्यांनी "बोंजूर" म्हणून तोंड उघडलं की काउंटरवरची मुलगी गोड हसून इंग्रजीवर यायची. अरुणाताई पाव घेऊन चरफडत बाहेर पडायच्या.

त्यांच्याशी न कंटाळता फ्रेंच बोलायची ती एकटी जोसेट. पाळणाघरात त्यांच्याच शेजारी उभी राहून गाजरं चिरायची. ती कॅरिबियनमधल्या, फ्रेंच बोलणाऱ्या मार्टिनिक बेटावरची, आणि तिला इंग्रजी मुळीच येत नव्हतं. बाहेर बर्फ भुरभुरत असताना ती गावाकडचं सांगत बसायची: ज्वालामुखीच्या पायथ्याचं सेंट पिएर, तिथली काळी वाळू, घळीतून कमरेएवढ्या पाण्यात चालत गाठायचा धबधबा.

"आपण मार्टिनिकला जायचं," एका जानेवारीत अरुणाताईंनी जाहीर केलं.

"चालेल की. रिसॉर्ट बघतो," शैलेंद्र म्हणाले. टोरोंटोहून लेक ऊर्मीनेही फोनवर तेच सांगितलं, "आई, जस्ट डू ऑल-इन्क्लुझिव्ह!"

"रिसॉर्ट नाही. गाडी भाड्याने घ्यायची आणि गावं बघायची."

फेब्रुवारीत मॉंट्रियलहून पाच तासांत दोघं उतरले ते थेट घामाच्या धारांत. पहिले दोन दिवस शैलेंद्रांच्या मनासारखे, दक्षिणेला सालीनच्या पांढऱ्या किनाऱ्यावर नारळाच्या सावलीत गेले. तिसऱ्या दिवसापासून अरुणाताईंनी सूत्रं हातात घेतली. बालाताच्या बागेत दोरीच्या पुलावर शैलेंद्रांची पाचावर धारण बसली; ताई मात्र मधोमध थांबून फोटो काढत होत्या. सेंट पिएरला १९०२च्या उद्रेकात जळालेल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर दोघंही जाऊन बसले. समोर तो ज्वालामुखी, पेले पर्वत, ढगात डोकं खुपसून उभा होता.

पाचव्या दिवशी उत्तर टोकाच्या ग्रांद रिव्हिएरकडे निघाले. वाट वळणावळणाची, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि दाट झाडी. अशात टायर बसला. शैलेंद्रांनी डिकी उघडली. स्टेपनी होती, जॅक नव्हता. फोनला रेंज नाही.

"आता?" ते म्हणाले.

"थांबा इथेच," म्हणून अरुणाताई वळणावरच्या हिरव्या घराकडे चालू लागल्या.

ओट्यावर एक म्हातारी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. अरुणाताईंनी "बोंजूर मादाम" म्हणून सगळी हकिकत सांगितली, दोनदा अडखळल्या, एकदा क्रियापद साफ चुकलं. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं आणि फ्रेंचमध्येच उत्तर दिलं, "जावई बोटीवर गेलाय. तासाभरात येईल, त्याच्याकडे जॅक आहे. बस."

अरुणाताई बसल्या, आणि हात रिकामे ठेवायची सवय नसल्याने शेंगा सोलू लागल्या. आमच्याकडे हीच डाळ रोज शिजते, म्हणाल्या. म्हातारी हरखली. मग फोडणी कशाची देता, मुली किती, बर्फात माणसं जगतात तरी कशी, विषयाला विषय फुटत गेला. मध्येच तिने विचारलं, "फ्रेंच कुठे शिकलीस? छान बोलतेस."

इतक्या वर्षांत हे अरुणाताईंना कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्यांनी मान खाली घालून आणखी चार शेंगा सोलल्या.

वाट पाहून कंटाळलेले शैलेंद्र तोवर फाटकाशी येऊन उभे राहिले होते. बायको हातवारे करत खळखळून हसतेय, आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही.

"काय म्हणतायत त्या?"

"तुम्हाला भूक लागलेली दिसतेय म्हणतायत. आत या."

जावई आला, टायर बदलून झाला, माशाचं कालवण आणि भातही झाला. ग्रांद रिव्हिएर गाठेपर्यंत उन्हं कलली होती. तिथे रस्ताच संपतो. पुढे नुसता समुद्र. शैलेंद्र बोटींकडे बघत म्हणाले, "अगं, मला त्या क्लासचा नंबर दे."

या वर्षी मॉंट्रियलची आणखी दोन मराठी कुटुंबं त्यांच्याबरोबर निघाली आहेत. अरुणाताईंनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, "पहिले दोन दिवस बीचवर लोळा. मग गावं, आणि तिथे आपापली कॉफी आपापल्या तोंडाने मागायची."